शंभर फील्डांची पात

सोयाबीनच्या खुरपणीला बायका रानात उतरल्या की कुणी मनाला येईल तिथे खुरपं चालवत नाही. प्रत्येकीला पात मिळते: दोन-तीन ओळींची एक पट्टी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. ती संपवायची, बांधावर वळायचं, पुढची पात धरायची. लांबून पाहणाऱ्याला हा प्रकार वेळखाऊ वाटेल. तण तर डोळ्यांना दिसतंच. जिथे दाट आहे तिथे सरळ जावं, उपटावं, मोकळं व्हावं. पण जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यापुढे हा सल्ला ठेवला तर तो हसेल. दाट तण कुणीही काढतं. खरा प्रश्न पिकाच्या बुडाशी दडलेल्या काडीएवढ्या रोपांचा असतो, जी आज दिसत नाहीत आणि पंधरा दिवसांनी डोकं वर काढतात. संध्याकाळी मजुरी चुकती करताना मालकाला ‘तण काढलं’ एवढं ऐकून भागत नाही. त्याला ‘तण राहिलं नाही’ हे ऐकायचं असतं. पहिलं वाक्य मेहनतीचं आहे, दुसरं जबाबदारीचं. पहिलं म्हणायला खुरपं पुरतं, दुसरं म्हणायला पात लागते.

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही अशी पात असते, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. सूक्ष्मदर्शक म्हटलं की आपण भिंगांचं बोलतो: किती पट मोठं दिसतं, नेत्रिका दहाची की पंधराची, ऑइलचं भिंग आहे की नाही. ज्या चौकोनी मंचावर काचेची स्लाइड ठेवतात तो आपल्या लेखी टेबलासारखा, नुसता आधार. शाळेच्या कपाटातला, बहुधा अंबाल्याहून आलेला सूक्ष्मदर्शक पाहिला तर हा समज पक्काच होतो. तिथे मंचावर दोन पत्र्याच्या क्लिपा असतात, स्लाइड त्यांच्याखाली सरकवायची आणि बोटाने ढकलत राहायचं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मात्र त्या मंचावर आणखी एक यंत्रणा बसवलेली असते. लॅबमधली माणसं तिला मेकॅनिकल स्टेजच म्हणतात. स्प्रिंगचा एक चिमटा स्लाइडला कडेने धरतो. मंचाच्या बाजूला, एकाच दांड्यावर खालीवर बसवलेले दोन नॉब. एक फिरवला की स्लाइड डावी-उजवीकडे जाते, दुसरा फिरवला की पुढे-मागे. आत दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकलेलं छोटं दातेरी चाक, एवढाच कारभार. दोन्ही दिशांना मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या असतात. पंचाहत्तर मिलिमीटर लांब आणि पंचवीस रुंद अशी ती काचपट्टी या यंत्रणेच्या ताब्यात गेली की ती फक्त सरळ रेषेत हलू शकते, तिरकी पळू शकत नाही. स्वातंत्र्य कमी झालं म्हणून काम वाढलं, अशी ही वस्तू आहे.

या बंधनाची गरज का पडते ते आकड्यांत पाहिलं तर लवकर उमगतं. नेत्रिकेवर अठरा हा आकडा कोरलेला असेल आणि खाली शंभर पटीचं ऑइलचं भिंग असेल, तर एका नजरेत स्लाइडचा जेवढा गोल दिसतो त्याचा व्यास 0.18 मिलिमीटर असतो. त्या गोलाला लॅबमध्ये फील्ड म्हणतात. इंग्रजीत शेतालाही हाच शब्द आहे, हा योगायोग इथे माझ्या फायद्याचा. बोटाने स्लाइड ढकलताना ती एक मिलिमीटर सरकली, आणि इतकी तर ती ढकलायचं नुसतं मनात आणलं तरी सरकते, की मधली पाच-साडेपाच शेतं एका झटक्यात मागे पडतात. कुणी ती पाहिली नाहीत. आणि पाहिली नाहीत हेही कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. त्यात भर म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा उलटी असते. स्लाइड उजवीकडे नेली की चित्र डावीकडे पळतं, पुढे ढकलली की मागे येतं. नवशिक्याचं बोट चुकीच्या दिशेने जातं, मग तो दुरुस्तीसाठी उलट ढकलतो, आणि नुकतंच पाहिलेलं शेत नवं समजून पुन्हा पाहतो. नॉबवरही ही उलटापालट आहेच, पण तिथे चूक एका रेषेत होते. रेषा सोडून रानोमाळ होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: सूक्ष्मदर्शकाचं भिंग ‘आहे’ म्हणतं आणि त्याची स्टेज ‘नाही’ म्हणते. जंतू एका फील्डमध्ये दिसला की काम झालं. तो कसा सापडला, हात कुठून कुठे गेला, याला महत्त्व उरत नाही. ‘आहे’ला एक साक्षीदार पुरतो. ‘नाही’ला मात्र सगळ्या गावाची साक्ष काढावी लागते, आणि एकाच माणसाला दोनदा विचारून साक्षीदार वाढवता येत नाहीत. आपण विज्ञानाच्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक ‘आहे’च्या असतात, म्हणून त्यांत भिंग नायक होतं. पण रोजच्या आयुष्याला विज्ञानाकडून जे लागतं ते मोठ्या प्रमाणात ‘नाही’ असतं. खोकल्यात क्षयाचे जंतू नाहीत, रक्तात हिवतापाचा परजीवी नाही, बियाण्यात रोग नाही. ती नकाराची चिठ्ठी घेऊन माणूस घरी जातो, आणि तिच्या भरवशावर पोराला मांडीवर घेतो.

थुंकीच्या तपासणीचंच उदाहरण घेऊ, कारण जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतल्या माणसांना ते जवळचं आहे. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात साधारण लाखभर लोकवस्तीमागे एक सूक्ष्मदर्शक केंद्र, अशी आखणी होती. थुंकी काचेवर पसरवायची, वाळवायची, कार्बोल फुक्सिनने लाल करायची, सल्फ्युरिक आम्लाने धुवायची आणि मिथिलीन ब्लूची निळी पार्श्वभूमी द्यायची. क्षयाचा जंतू लाल राहतो, बाकी सगळं निळं. जंतूची लांबी दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चार पट. एकेका फील्डमध्ये दहाहून जास्त दिसले तर वीस फील्ड पाहून ‘थ्री प्लस’ लिहिता येतं. एक ते दहा असतील तर पन्नास पाहायची. पण काहीच दिसत नसेल तर शंभर पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. नियम नीट वाचला की गंमत कळते: जंतू जितके कमी तितकी पात लांब, आणि सगळ्यात लांब पात त्याच्यासाठी, ज्याला काहीच झालेलं नसावं. थुंकीचा थर दोन सेंटिमीटर लांब असेल तर 0.18 मिलिमीटरच्या गोलांची एक सरळ ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभरापेक्षा थोडी जास्त भरते. म्हणजे मेकॅनिकल स्टेजचा एक नॉब एकदा या बांधापासून त्या बांधापर्यंत नेला की कार्यक्रमाला हवी असलेली शंभर शेतं होतात. बोटाने ढकलणारा माणूस शंभर मोजेलही. पण ती शंभर वेगवेगळी होती की साठ शेतं चाळीस वेळा परत भेटली, हे त्यालाही सांगता येणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. थर दोन सेंटिमीटर लांब आणि एक रुंद धरला, काही ठिकाणी तो याहून मोठा घेतात, तरी त्यात अशी फील्ड जवळजवळ आठ हजार बसतात. त्यांतली शंभर पाहिली म्हणजे सव्वा टक्का. पावणेनव्याण्णव टक्के रान न पाहताच ‘तण नाही’ म्हणायचं, मग ती शंभर ओळीने पाहिली काय आणि उड्या मारत पाहिली काय? याचं उत्तर हिशेबाने द्यावं लागेल. एक मिलिलिटर थुंकीत दहा हजार जंतू आहेत आणि त्या थुंकीचा शंभरावा भाग काचेवर आला, असं समजू. काचेवर शंभर जंतू, आठ हजार शेतांत विखुरलेले. शंभर वेगवेगळी शेतं पाहिली तर सरासरीने सव्वा जंतू भेटायला हवा. तरी नशिबाच्या खेळात एकही न भेटण्याची शक्यता चारांत एकाहून किंचित जास्त उरते. दोन वेगळे नमुने तपासायचे असा नियम आहे, तो अशासाठीच; दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता मग बारा-तेरांत एकावर येते. आता हाच तपासनीस शंभर समजून प्रत्यक्षात साठच वेगळी शेतं पाहत असेल, तर एका नमुन्यात हुकण्याची शक्यता चारांत एकावरून जवळजवळ निम्म्यावर जाते. भिंग तेच, रंग तोच, माणूस तोच आणि तितकाच प्रामाणिक. फरक फक्त हलण्याच्या शिस्तीचा. आणि सव्वा टक्क्याचं म्हणाल तर जालन्याने त्याबद्दल तक्रार करू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली तेव्हापासून हे गाव देशभर बियाण्यासाठी ओळखलं जातं, आणि बियाण्याच्या पिशवीवरचा उगवणशक्तीचा आकडा चारशे दाण्यांच्या चाचणीवरून ठरतो. शंभराचे चार गट उगवून पाहायचे आणि त्यावरून अनेक क्विंटलांबद्दल बोलायचं. चारशे दाणे थोडे आहेत म्हणून कुणी ती चाचणी खोटी म्हणत नाही. अट एवढीच असते की ते चारशे कुणी निवडून काढलेले नसावेत. नमुना लहान असला तरी चालतो, लाडका असून चालत नाही. सरळ रेषेत चालणारी स्टेज तपासनिसाला लाडकी शेतं निवडू देत नाही. जिथे रंग छान चढला आहे तिथे नजर रेंगाळते, फिकट भाग ओलांडून पुढे जावंसं वाटतं, आणि नॉब ते होऊ देत नाही.

दुसरा आक्षेप सवयीचा. जुन्या तपासनिसांची बोटं इतकी तयार असतात की त्यांना कसली स्टेज. केसाच्या अंतराने स्लाइड सरकवतात. खरं आहे. शिवाय मोठमोठे शोध असल्याच तुटपुंज्या साधनांवर लागलेत. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीच्या रंगकणांनी भरलेल्या पेशी पाहिल्या. सिकंदराबाद तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होतं त्याच राज्यात जालनाही होतं. त्या दिवसांबद्दल रॉसने लिहून ठेवलं आहे की कपाळाच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकुलत्या एका नेत्रिकेला तडा गेला होता. तरी सापडलं. पण नीट पाहिलं तर ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे. रॉस ‘आहे’च्या मागावर होता. एक पेशी, एकदा, निःसंशय दिसली की त्याचं काम झालं. त्याआधी त्याने कितीतरी डास उघडून त्यांत काही नाही असं ठरवलं होतं, ती सगळी ‘नाही’ बरोबर होती का, हे इतिहासाने त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. तालुक्याच्या प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाचं तसं नाही. त्याची ‘आहे’ कुणीही मान्य करेल, ती स्लाइडवर लाल दिसते. हिशेब मागितला जाईल तो ‘नाही’चा. तयार बोटाचं कौशल्य खरं असलं तरी ते त्या बोटासोबत निवृत्त होतं. त्याच्या जागी आलेल्या पोरीला पहिल्याच आठवड्यात शंभर शेतं पाहायची असतात. आणि एक गोष्ट जाता जाता: भिंगवाल्यांचा आद्य पुरुष लेवेनहूक, सतराव्या शतकातला डच कापडव्यापारी, त्याच्या चिमुकल्या यंत्रात भिंग पितळी पट्टीत पक्कं बसवलेलं होतं आणि वस्तू एका टोकदार सुईवर. ती सुई स्क्रू फिरवून वर-खाली आणि पुढे-मागे करता येई. म्हणजे भिंग थोर होतं त्या दिवसापासून वस्तू स्क्रूने हलवण्याची सोय त्याच्या शेजारी होती.

जालन्यात ‘नाही’ ही गोष्ट विकतही मिळते. तुतीची लागवड करणारा शेतकरी रेशीम किड्यांची अंडी आणतो त्यांना अंडीपुंज म्हणतात, आणि त्यांच्यामागे एक शब्द कायम लावलेला असतो: रोगमुक्त. जालन्याच्या बाजार समितीत 2018 मध्ये रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी इथले कोष कर्नाटकातल्या रामनगरमच्या बाजारात न्यावे लागत. आता कोष पारखायला बाजार जवळ आहे. पण त्या कोषाचं नशीब महिनाभर आधी, अंड्यांपाशीच, ठरलेलं असतं. पेब्रिन नावाचा रोग मादी पतंगाकडून अंड्यात उतरतो. त्याचे बीजाणू तीन-चार मायक्रॉन लांबीचे, तांदळाच्या दाण्यासारखे अंडाकृती आणि चकाकणारे. या रोगाने फ्रान्सचा रेशीम धंदा मोडला होता. 1853 मध्ये तिथे सुमारे 26 हजार टन कोष निघत, ते 1865 पर्यंत सुमारे 4 हजार टनांवर आले. तेव्हा लुई पाश्चरला दक्षिणेत आलेसला पाठवलं गेलं. त्याने सांगितलेला उपाय आजही बदललेला नाही: प्रत्येक मादी वेगळी ठेवावी, तिने अंडी घातली की तिला कुटून त्या रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, बीजाणू दिसले तर ती अंडी जाळावीत. दिसले नाहीत तर ठेवावीत. सगळा धंदा या ‘दिसले नाहीत’वर उभा आहे. शेतकऱ्याने अंडीपुंज आणले, किड्यांना तीन-चार आठवडे पाला घातला, आणि मग अळ्या मरायला लागल्या, तर त्याची तुती, मजुरी, शेडचा खर्च सगळं मातीत. त्याने तो थेंब पाहिलेला नसतो, पाहणारा माणूसही पाहिलेला नसतो.

पण याच उदाहरणात माझ्या म्हणण्याला एक चिमटाही बसतो, तो लपवून चालणार नाही. कुटलेल्या पतंगाचा रस ओला असतो. कव्हरस्लिपखाली तो वाहतो, बीजाणू जागेवर थरथरतात, सरकतात. इथे रेषेत चालण्याचा अर्थ पातळ होतो, कारण आपण पात धरून चाललो तरी तणच चालायला लागलेलं आहे. अशा तपासणीत काही मोजकी फील्ड वेगवेगळ्या भागांतली पाहायची, एवढंच शक्य असतं. तिथे स्टेजचं काम पाच जागा खरोखर पाच ठिकाणी असल्याची हमी देण्याइतकं उरतं. ओळीची ऐट तिथे चालत नाही. रक्ताच्या स्लाइडवर तर सरळ ओळ उघड फसवते. काचेवर रक्त पसरताना मोठ्या पांढऱ्या पेशी कडांकडे आणि शेपटीकडे ओढल्या जातात, लहान लिम्फोसाइट मध्यभागी राहतात. कुणी शहाण्याने मधूनच एक सरळ पात धरली आणि शंभर पेशी मोजल्या तर लिम्फोसाइट खोटे वाढतील. म्हणून तिथे किल्ल्याच्या तटासारखी वाट घेतात: कडेने थोडं, मग आत, मग आत राहूनच थोडं पुढे, मग पुन्हा कडेला. यंत्राला ही वाट ठाऊक नसते. कुठे चालायचं ते रक्त कसं पसरतं हे जाणणारा माणूसच ठरवतो. ठरलेल्या वाटेवरून घसरू नये एवढंच स्टेज पाहते. खुरपणीतही पाती उताराकडे पाहून कशा लावायच्या हे आधी कुणीतरी ठरवतंच. तेव्हा स्टेज लावली की तपासणी आपोआप शुद्ध झाली, असं म्हणणारा भोळा आहे. जाड, गोळा झालेला थर, अर्धवट धुतलेला रंग, थुंकीऐवजी आलेली लाळ, यांवरून ती तितक्याच सरळ रेषेत चालत जाते आणि तितक्याच शांतपणे चुकीचं ‘नाही’ हातात देते.

ती स्वतःही बिघडते. ऑइलचे ओघळ चिमट्याखाली जातात, त्यावर उन्हाळ्यातली धूळ बसते, दातेरी पट्टीत चिकट काळं साचतं. मग नॉब फिरवला तरी स्लाइड क्षणभर हलत नाही, आणि हलते तेव्हा जास्त हलते. औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फिटर याला ‘प्ले आला’ म्हणेल. दोन फील्ड मध्ये गळतात ती इथे. चिमट्याची स्प्रिंग सैल झाली की स्लाइड कोपऱ्यात टेकत नाही, आणि मग मिलिमीटरच्या खुणांना काही अर्थ राहत नाही.

त्या खुणांबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं, कारण स्टेजचं दुसरं काम त्यांत आहे. मुख्य पट्टीवर मिलिमीटर, आणि शेजारी दहा घरांची छोटी पट्टी, जिची दहा घरं मोठ्या पट्टीच्या नऊ घरांएवढी असतात. दोन्हींच्या रेघा कुठे जुळतात ते पाहून मिलिमीटरचा दहावा भाग वाचता येतो. ही व्हर्नियरची युक्ती 1631 ची, आणि ती इथे चपखल बसते: वाचन 0.1 मिलिमीटरपर्यंत, आणि फील्ड 0.18 मिलिमीटरचं. म्हणजे दोन आकडे लिहून ठेवले तर त्या जागी परत आल्यावर हवी ती वस्तू बहुधा समोरच्या गोलात असते, फार तर शेजारच्या. सातबाऱ्यावर गट नंबर असावा तसा हा स्लाइडवरचा पत्ता. एकाला संशयास्पद काही दिसलं की दुसऱ्याला बोलवायचं, ‘इथे कुठेतरी होतं’ म्हणत शोधत बसायचं, तोवर चहा थंड, ही पंचाईत त्याने टळते. शंकेला पत्ता मिळाला की ती दुसऱ्याकडे सोपवता येते, आणि दुसऱ्याकडे सोपवता येत नाही अशा शंकेचा प्रयोगशाळेत उपयोग नाही. एक गोम मात्र आहे. हा पत्ता त्या एकाच सूक्ष्मदर्शकाचा असतो. दुसऱ्या यंत्राच्या खुणा दुसरीकडून सुरू होतात, तिथे तेच आकडे लावले तर भलतंच शेत उघडेल. गट नंबर बरोबर, गाव वेगळं. म्हणून पत्त्यासोबत काचेवरच एखादी खूण करून ठेवणारे शहाणे.

जालन्याची दुसरी ओळख सळईची, आणि पोलादाच्या प्रयोगशाळेतही हा मंच भेटतो. सळईचं भवितव्य मुख्यतः ताणून, वाकवून आणि तिचे घटक तपासून ठरतं, तिच्यासाठी पात धरायची फारशी वेळ येत नाही. पण बेअरिंगसारख्या कामाच्या पोलादात मळीचे सूक्ष्म कण किती हे पाहायचं असेल तर एक ठरलेली पद्धत आहे: घासून आरशासारखा केलेला 160 चौरस मिलिमीटरचा पृष्ठभाग शंभर पटीत, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या घरांनी, पूर्ण पाहायचा. तीनशे वीस घरं. इथे तर नमुनाही नाही. ठरवलेलं रान सगळंच खुरपायचं. डॉक्टर आणि धातुशास्त्रज्ञ एकमेकांना न विचारता एकाच औताला जुंपले गेले, याचं मला नवल वाटत नाही.

उरला खर्चाचा आणि काळाचा आक्षेप. खर्चाचं उत्तर मला कागदी सूक्ष्मदर्शकात दिसतं. मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेला आणि 2014 मध्ये गाजलेला फोल्डस्कोप घड्या घातलेल्या कागदाचा आहे, आणि भागांचा खर्च एका डॉलरच्या आत ठेवायचा म्हणून त्यांनी त्यातून जे जे काढता येईल ते काढून टाकलं. तरी दोन अंगठ्यांनी कागदाचे थर एकमेकांवर सरकवून स्लाइड आडवी-उभी हलवायची सोय ठेवली. सगळं टाकून दिल्यावरही जे उरतं ते चैनीचं नसतं. काळाचा आक्षेप जास्त जोरदार आहे. आता जंतूचा डीएनए ओळखणारी यंत्रं आली, सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही नावं खेड्यांत पोचली. स्लाइड संगणकात उतरवणारी यंत्रंही आहेत. मग दोन नॉबांचं कौतुक कशाला? संगणकात स्लाइड उतरवणाऱ्या यंत्राचं झाकण उघडलं तर आत हीच स्टेज मोटार लावून बसवलेली दिसेल. माणसाचा अंगठा गेला, पात राहिली. आणि डीएनए ओळखणारी यंत्रं रोग पकडायला सूक्ष्मदर्शकापेक्षा कितीतरी सरस आहेत, हे मान्यच. त्यांची ‘आहे’ त्याहून कमी जंतूंतही उमटते. पण औषध सुरू झाल्यावर त्यांची अडचण होते, कारण मेलेल्या जंतूचा डीएनएही काही काळ थुंकीत येत राहतो आणि यंत्र त्यालाही ‘आहे’च म्हणतं. म्हणून उपचार कितपत लागू पडतोय हे पाहायला दोन महिन्यांनी आणि शेवटी पुन्हा काचेची स्लाइड, लाल-निळा रंग आणि ऑइलचा थेंब लागतो. परतूर किंवा मंठ्याचा रुग्ण महिनोन्महिने गोळ्या खाऊन त्या दिवशी बाकावर बसलेला असतो. त्याला या खेपेला ‘नाही’च हवं असतं, आणि आत कुणीतरी स्लाइड चिमट्यात बसवून, डाव्या टोकापासून, पहिल्या फील्डवर नजर लावलेली असते.